राखेच्या खड्ड्यातले दादा

दादा, तुम्हाला मी राखेच्या खड्ड्यात उभं केलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच आशा लागायला नको. गच्चीवरच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवूडवर मी एक लहानशी रेल्वे मांडली आहे, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, आणि तिच्या एका कोपऱ्यात वाफेच्या इंजिनांची शेड बांधली आहे. तिथे डझनभर माणसं आहेत. कोळशाच्या ओट्यावर दोघं, इंजिनात पाणी भरायच्या खांबापाशी एक, ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसलेला एक फोरमन. ही सगळी विकत आणलेली. तुम्ही मात्र हातचे आहात. खडूतून कोरलं तुम्हाला, बोटाच्या पेराएवढं, खाकी हाफपँट, डोक्याला उपरणं, हातात फावडं. फोरमनची खुर्ची तुम्हाला देता आली असती. जन्मभर तिच्यावर तुमचा डोळा होता हे मला माहीत आहे, म्हणूनच दिली नाही. इंजिनाच्या पोटातली राख जिथे पडते त्या खड्ड्यात, दोन रुळांच्या मधे, तुम्ही उभे आहात. ताठ उभं राहायला तिथे जागा नाही, म्हणून कमरेत वाकवलंय. इंजिन आलं की बरोबर तुमच्या पाठीवर येऊन थांबतं.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळ धरतात, मी शेड धरली. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून मी जन्म काढला. ज्या कालव्यांत पाणी यायचंच नव्हतं असे कालवे मी फार सुबक काढले. आणि बीडला रेल्वे येणार, बीडला रेल्वे येणार, हे तर पाळण्यात असल्यापासून ऐकत होते. म्हटलं, यांची येईल तेव्हा येईल, आपली आपण आणू. शेडचा नकाशा तीनदा काढला आणि तीनदा फाडला. नवख्या माणसाची चूक अशी की तो आधी इमारती मांडतो आणि मग त्यांच्यामधून रूळ खेचत नेतो. शेड म्हणजे इमारत नव्हे, इंजिनाची चाल. दमून आलेलं इंजिन आधी कोळसा घेणार, मग राख टाकणार, मग पाणी पिणार, मग गोल चकतीवर तोंड फिरवून छपराखाली जाणार. ही वाट आधी काढायची, भिंती मागून येतात. हे वाक्य तुमचं आहे. मी ते कुणालाही तुमचं म्हणून सांगत नाही, माझंच म्हणून सांगते. जशास तसं.

तोंड फिरवायची ती चकती, टर्नटेबल, मी आईच्या पोळपाटाची केली. इंजिनाच्या लांबीला तो नेमका भरला. खाली सायकलच्या हबचं बेअरिंग बसवलं, आता बोटाने ढकललं तरी इंजिनासकट फिरते. छपराला धूर जायच्या नऊ चिमण्या आहेत, रिकाम्या रिफिलींच्या. रुळांखालची खडी मात्र खरी आहे, चाळणीने चाळून घेतलेली. आणि पुढच्या कडेला पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, रचना आणि बांधणी, पुढे माझं नाव आणि लगेच आडनाव. मधे तुमचं, म्हणजे बापाचं, नाव नाही. नवऱ्याचंही नाही, पण त्यांना मी विचारलं होतं. तुम्हाला विचारलं नाही.

कारण तुम्हीही मला विचारलं नव्हतं. ते दुष्काळाचं साल होतं. वावरात ऊस नव्हता, त्यामुळे त्या वर्षी कारखान्याचं गाळप झालंच नाही. तुम्ही हंगामी फिटर, म्हणजे गाळप नाही तर तुम्हीही नाही. त्याआधी तुम्ही रेल्वेच्या शेडमध्ये होता, आजा आजारी पडला म्हणून ते सोडून गावी आलात, आणि आल्याचा पस्तावा तुम्हाला रोज व्हायचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि येताना तिथे खायला वाटलेली सुकडी आणायची. तुम्ही ओट्यावर बसून मला शेडच्या गोष्टी सांगायचा. इंजिन कसं येतं, कोण कुठे उभा असतो, राख पडताना कसा आवाज होतो. मी अकरा वर्षांची होते, आणि दुसरं करायला काही नव्हतं, म्हणून मी ती शेड बांधायला घेतली. जोंधळ्याच्या ताटाची चिपाडं आणि आतला भेंड घेऊन भिंती केल्या, तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं छप्पर, सायकलच्या तारांचे रूळ, आईच्या ओच्याला चिकटून आलेल्या खडीची भुकटी त्यांच्याखाली. आईने एकदा माझ्या पाठीत धपाटा घातला. “गुरांच्या तोंडचा कडबा हाय त्यो. तुज्या इंजिनाला खायला लागतो का?” तरी दुसऱ्या दिवशी तिनेच दोन जाड ताटं बाजूला काढून ठेवली.

दोन महिने लागले. झाल्यावर तुम्हाला दाखवली. तुम्ही उकिडवे बसलात, उपरण्याने हात पुसलेत, मगच हात लावलात. टर्नटेबल फिरवून पाहिलंत. राखेच्या खड्ड्यात बोट घातलंत, तळ चाचपलात आणि काही न बोलता उठलात. एवढंच.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि कारखाना सुरू करायचं ठरलं. बॉयलर पेटवायच्या समारंभाला तुम्ही माझी शेड पाटावर ठेवून, वर आईचं लुगडं झाकून घेऊन गेलात. मला वाटलं, सगळ्यांना दाखवायला नेताय. मी पण नवं परकर-पोलकं घालून आले. ज्येष्ठ संचालक आणि त्यांच्या मंडळींनी पूजा केली, नारळ फुटला, भट्टीत पेटती मशाल गेली. मग चेअरमनसाहेबांनी भाषणात सांगितलं की आपल्या भागात रेल्वे येणार आणि आपली साखर मालगाडीच्या वाघिणींतून जाणार, आणि तेवढ्यात तुम्ही पुढे होऊन लुगडं काढलंत. लोक वाकून वाकून बघायला लागले. चेअरमनसाहेबांनी विचारलं, हे कुणी केलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, दादा. मी पुढे यायला एक पाऊल टाकलंही होतं.

“मीच केलंय, सायेब.”

तुमचा आवाज जराही हलला नाही. आई खाली मान घालून उभी राहिली आणि तिने माझं मनगट धरलं, ते बांगड्या रुतेपर्यंत. चेअरमनसाहेबांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. ती थाप माझी होती. आजही कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला की मला आधी तीच थाप आठवते आणि मग राग येतो.

पण देव असतो, असं मला त्या दिवशी वाटलं. कारण पाठोपाठ चीफ इंजिनिअर पुढे आले. ते बाहेरगावचे होते, पाऊसपाण्याच्या मुलखातले. त्यांनी चष्मा वर करून खड्ड्यात पाहिलं आणि विचारलं, इंजिन धुतल्यावर यात पाणी पडणार, गरम राख विझवायलाही पाणी मारणार, मग या खड्ड्यातलं पाणी बाहेर कुठून जातं? नाली कुठे आहे? ज्या माणसाने अशा खड्ड्यांत बारा वर्षं काढली त्याच्या कामात नाली नव्हती. तुम्ही हात जोडलेत. “चुकलं सायेब. ते माज्याकडून ऱ्हायलं.” चार लोक हसले. मला बरं वाटलं.

तरी तुमचं काम झालं. इंजिनाची एवढी माहिती असलेला माणूस हंगामी कशाला, म्हणून त्याच गळितात तुम्हाला कायम केलं. तुम्ही दिंद्रुडच्या बाजारातून माझ्यासाठी कंपासपेटी आणलीत आणि माझ्या दप्तरावर ठेवलीत. मी ती नेऊन विहिरीत टाकली. पाऊस होऊनही विहीर अजून कोरडीच होती, त्यामुळे पेटी बुडाली नाही, खाली खडकावर आपटून सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढी वाजली. तुम्ही दोर लावून उतरलात, पेटी वर आणलीत, कोनाड्यात ठेवलीत. तिचा एक कोपरा चेपला होता. मी तिला हात लावला नाही आणि तुम्ही ती काढून घेतली नाहीत, अशी ती आई जाईपर्यंत तिथेच होती.

मग मी माझा सूड सुरू केला. ही गोष्ट मी शाळेत सांगितली, पॉलिटेक्निकला सांगितली, ऑफिसात सांगितली, सासरी तर पहिल्याच महिन्यात सांगितली. शेवट नेहमी नालीवर. मी म्हणायचे, चोरलं खरं, पण पचलं नाही. लोक पोट धरून हसायचे. धाकट्या भावाच्या लग्नात तर तुमच्या देखत सांगितली, पंगतीत, चार व्याह्यांसमोर. सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही वाढप्याला हाक मारून भात मागितलात, आणि तो येईपर्यंत पत्रावळीवरच्या मिठाची नीट ढिगुळी करत बसलात. मला वाटलं, जिंकले. तुम्ही गेलात तेव्हाही मी रडले, पण दहाव्याला जमलेल्यांत कुणी शेडचा विषय काढला तेव्हा सांगायचं सोडलं नाही.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. बीडजवळच्या पालीहून, तिकडच्या धरणाजवळच्या शाळेतून, मला मुलींसाठी प्रदर्शनाला बोलावलं आहे. म्हणून मी शेडमधला पाण्याचा खांब खराखुरा चालता केला, सलाईनची नळी आणि वर एक बाटली. या जिल्ह्यात आपल्या हाताने नळ सोडायचा आणि पाणी सांडलं तरी कुणी ओरडायचं नाही, ही चैन मला करायची होती. इंजिन उभं केलं आणि सोडलं पाणी. ते इंजिनाच्या टाकीतून ओसंडलं, खडीवरून घरंगळलं आणि खड्ड्यात जमलं. इंजिन मागे घेऊन पाहिलं तर तुम्ही गुडघाभर पाण्यात वाकून उभे. मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, चांगली मिनिटभर हसले, एकटीच. मग पाण्याला पांढरी झाक यायला लागली. खडू तो, तुमचे पाय विरत होते.

मी चिमट्याने तुम्हाला बाहेर काढलं आणि खड्ड्याकडे बघत बसले. नाली नव्हती. निवृत्त होईपर्यंत कालवे आणि चाऱ्या काढलेली बाई मी. तीन नकाशे फाडून चौथा केला, पोळपाटाचा मिलिमीटर मोजला, आणि नाली दुसऱ्यांदा राहिली. आपल्याकडे पाणी कुठून आणायचं एवढंच डोक्यात असतं, ते जाणार कुठे हा प्रश्नच मनाला शिवत नाही. अकराव्या वर्षी शिवला नाही, आताही नाही.

दादा, वर मी लिहिलं की तुम्ही खड्ड्यात बोट घातलंत आणि काही न बोलता उठलात. सगळ्यांना मी तसंच सांगत आले. ते खोटं आहे. तुम्ही बोलला होता. तळ चाचपून तुम्ही विचारलं होतं, “पानी कुठून जाईन गं ह्यातलं?” आणि मी उलटून म्हणाले होते, “पानी हाय कुठं, दादा?” तुम्ही हसलात आणि राहू दिलंत. तुम्हाला एक भोक पाडता आलं असतं, खिळा होताच हाताशी. तुम्ही माझ्या कामाला हात लावला नाहीत. ते चोरून नेलंत ते माझ्या चुकीसकट नेलंत, आणि इंजिनिअरने विचारल्यावर ती चूकही आपलीच म्हणालात. पंगतीत एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. तुम्ही भात मागितलात.

याने तुम्हाला माफी मिळाली असं समजू नका. “मीच केलंय” हे मला आजही टोचतं. पाटी तशीच राहणार, मधे तुमचं नाव येणार नाही. पालीच्या मुलींनी विचारलं, हे कुणी केलं, तर मी ताठ उभी राहून मीच म्हणणार. हे पत्रही कुठे जाणार नाही. लेआउटच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो, त्याच्याखाली घडी घालून ठेवते.

तुमचे पाय नवे करून चिकटवले आणि रंगही दिला. फोरमनच्या खुर्चीपाशी तुम्हाला दोन दिवस ठेवून पाहिलं, पण माझ्याने ते बघवेना. परत खड्ड्यातच उभं केलं आहे, तसंच वाकवून. फक्त काल सकाळी तळाला ड्रिलने भोक पाडून एक रिफिल बसवली, ती प्लायवूडच्या खाली निघते. दोन बाटल्या पाणी ओतून पाहिलं. खड्डा कोरडा राहतो.