ब्रॅक्सलेची बारा घरं

ब्रॅक्सले, ९ मार्च १९५५

चि. सौ. ऑड्रेस आईचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाळाला दात आला हे वाचून आनंद झाला. आता चावेल, तेव्हा रडू नकोस. तूही चावायचीस.

इकडे कोळशाची खाण चालू आहे आणि नॉर्मन सकाळपाळीला जातो. पण तुझ्या भावाचं लग्न अडलंय ते अडलंच. डोरीन बोटात अंगठी घालून दोन वर्षं वाट बघतेय. आपल्या दोन खोल्यांत सून आणायची कुठे? चॅपलमागच्या कुरणात बारा घरं बांधावीत म्हणून गावानं अर्ज केलाय. जिल्हा कचेरी म्हणते, खाण फार तर पंधरा वर्षं चालेल, संपत आलेल्या गावात वीट कशाला लावायची? बांधायचं ते आठ मैलांवरच्या नव्या वसाहतीत. जूनमध्ये त्यांचा साहेब गावाचं म्हणणं ऐकायला येणार आहे. घरं झाली तर नॉर्मन माझ्या डोळ्यांसमोर राहील. नाही झाली तर मी इथे एकटी. तू कचेरीत काम केलेली आहेस, आम्ही काय करावं ते कळव.

बाळाचा मुका घे. लोभ आहेच, पत्रं मात्र जरा लांब लिहीत जा.

तुझी आई

स्टीव्हनेज, १७ मार्च

ति. आईस सा. न. वि. वि.

इथे लंडनजवळच्या या नव्या शहरात दर महिन्याला नवी गल्ली उभी राहते. कारखान्यांना माणसं पुरत नाहीत. आमच्या शेजारी तीन कुटुंबं आली, तिन्ही आपल्याच बाजूची. मी म्हटलं, तिकडे बारा घरांसाठी हात जोडायचे आणि इकडे घरं माणसांची वाट बघताहेत, हा कुठला न्याय? लेन म्हणाला, मग आईलाच इकडे आण. माझ्या नवऱ्याला सगळं सोपं वाटतं.

माझं ऐकशील तर नॉर्मनला वसाहतीच्या यादीत नाव घालायला सांग. खबरदारी म्हणून. नाव घातल्यानं काही जात नाही, आणि ज्याचं नाव कागदावर नाही तो कचेरीच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो. इतरांनाही सांग. इतकी माणसं घरांसाठी अडलीत हे साहेबाला दिसेल तरी.

तब्येत सांभाळ, कोळशाच्या बादल्या स्वतः उचलू नकोस. माया अशीच राहू दे.

तुझी ऑड्रे

ब्रॅक्सले, २० जून

चि. सौ. ऑड्रेस अ. आ. वि. वि.

साहेब येऊन गेला. सगळ्या बायकांनी उंबरठे घासून पांढरे केले होते, मी आल्याचा केक केला होता. त्यानं दोन तुकडे खाल्ले.

घरं नामंजूर झाली. कारणं विचारू नकोस, कचेरीची कारणं कचेरीला ठाऊक. नॉर्मनला मात्र वसाहतीत घर मिळतंय. ऑगस्टमध्ये लग्न उरकून दोघं जातील. डोरीन हरखून गेलीय, घरात न्हाणीघर आहे म्हणे. तू सांगितलंस ते बरंच केलंस. माझी काळजी करू नकोस, मला काही कमी नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. आठवण ठेवा.

तुझी आई

स्टीव्हनेज, २ जुलै

ति. आईस सा. न. वि. वि.

बघ, मी म्हटलं नव्हतं? नाव घातलं म्हणून घर मिळालं! बारा घरांचं वाईट वाटलं, पण नॉर्मनचं तरी मार्गी लागलं. लग्नाला नक्की येते. नाताळात मात्र जमणार नाही, लेनला रजा नाही. समोरच्या मेबलमावशीला सांग, तिच्या केकची आठवण काढते.

तुझ्या मायेची भुकेली,
ऑड्रे

नवी वसाहत, २० नोव्हेंबर

ऑड्रेताईस नॉर्मनचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलं असशीलच. लग्नात सांगणार होतो, पण आईनं शपथ घातली होती. आज मोडतो.

त्या दिवशी साहेबानं बैठकीत वसाहतीची यादीच काढली. म्हणाला, एकसष्ट घरांपैकी चव्वेचाळीस घरांनी आपणहून तिकडे जागा मागितलीय, मग इथे बांधायचं कुणासाठी? मी उठून म्हणालो, ती नुसती खबरदारी होती. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, अर्जावर तसं कुठे लिहिलेलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, ही अक्कल कुणाची? आई उभी राहिली आणि म्हणाली, माझी.

तुझं नाव तिनं काढलंच नाही. तेव्हापासून ती दुकानात शिरली की बोलणी थांबतात. चॅपलमध्ये तिच्या बाकावर कोणी बसत नाही. मेबलमावशीची दोन्ही बाळंतपणं आईनं केली, पण तिची लेक त्या घरांवर आस लावून होती, ती आता कॅनडाला गेली. मावशी आईशी एक शब्द बोलत नाही. शेजारचे टीसडेल गेले, तसं पुन्हा कोणी राहायला येऊ नये म्हणून कचेरीनं त्यांचं छप्परच उतरवलं. आपल्या भिंतीला ओल आलीय. मी दर रविवारी जातो, आमच्याकडे चल म्हणतो. ती हलत नाही.

ताई, तुला दोष देत नाही. पण नाताळात ये.

नॉर्मन

ब्रॅक्सले, १२ डिसेंबर

चि. सौ. ऑड्रेस अ. आ. वि. वि.

म्हणजे नॉर्मनच्या पोटात राहिलं नाही तर. तुझं पत्र वाचून मी खूप रडले, ते आधीच सांगून टाकते. येणार आहेस ना, ये. रजा नसली तर लेनला तिकडेच राहू दे. पण दारोदार जाऊन खरं काय ते सांगेन म्हणतेस, ते करायचं नाही. ही माझी आज्ञा समज.

तू सांगितलंस तर ती सगळी माझ्याशी पुन्हा बोलू लागतील, हे मला कळतं. मग तुझ्याशी बोलणार नाहीत. मी त्यांच्यात पन्नास वर्षं बसले-उठले, मला तेवढं पुरेल. मी गेल्यावरही तुला इथे यावंसं वाटलं, तर कोणीतरी दार उघडणारं हवं. आता गल्लीत नऊच घरं उरलीत. तीच तुझं माहेर.

मेबल तुला चहाला बोलावील. मला बोलावणार नाही. तू एकटी जा, माझ्यासाठी अडून बसू नकोस. आणि परत आलीस की तिच्याकडे काय काय बोलणं झालं ते मला सगळं सांग.

तुझी आई