तू धाकटी, तू आधी घे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने शिंपीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे मत वेगळे असेल, ते विचारात घेऊ नये.

१. राहत्या दोन खोल्या, पुढचे दुकान व बँकेत उरेल ते माझ्या एकुलत्या लेकीस.

२. शिलाई मशीन दुकानात काज-बटणे करणाऱ्या बाईस. लेकीला सुईत दोरा ओवता येत नाही. समोरच्या शिंप्याने मागितल्यास देऊ नये. त्याने माझी दोन गिऱ्हाइके पळवली आहेत.

३. बटणांचा डबा बहिणीस. का, ते सांगणे भाग आहे.

लहानपणी ती वीस बटणे मांडायची. दोघींनी पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायची. शेवटचे बटण जिच्या हाती ती जिंकली. "तू धाकटी, तू आधी घे," म्हणायची. घरचे म्हणायचे, थोरलीचं मन केवढं मोठं! मी आधी घ्यायची आणि दर वेळी हरायची. मोठेपणीही तेच. तिच्या हुशारीवर माझा जीव जळायचा.

मी चाळिशीत असताना माझ्या दहा वर्षांच्या लेकीने मला सलग तीनदा हरवले.

"अगं आई, तू घेतेस त्यात भर घालून मी चार करते. एक घेतलंस तर मी तीन. वीस म्हणजे पाच वेळा चार. आधी घेणारी हरणारच!"

"कोणी शिकवलं?"

"मावशीनं."

मला तीस वर्षांत जे सांगितले नाही, ते माझ्या पोरीला एका दुपारी! तशीच उठून बहिणीकडे गेले, बटणे मांडली. "आज तू आधी घे."

तिने तीन उचलली, मी एक. शेवटचे बटण माझ्या हातात आले.

"कळलं एकदाचं!" ती म्हणाली. "तू कधी विचारलंच नाहीस गं. तुझ्या लेकीनं पहिल्यांदा हरल्याबरोबर विचारलं."

त्यानंतर मी तिच्याशी खेळले नाही. लेक मात्र दर रविवारी तिच्याकडे जाते आणि हसत परत येते. ते हसणे मला आजही सोसत नाही.

४. बहीण एकटी आहे, गुडघे गेले आहेत. माझ्या पश्चात लेक तिला इथे आणणार, हे मी ओळखून आहे. तिने या घरात पाऊल टाकू नये, अशा दोन ओळी इथे होत्या. त्या मी स्वतः खोडल्या. शेजारी सही केली आहे. मागची खोली तिला द्यावी. लेकीने तिचे सगळे करावे. फक्त तिला आई म्हणू नये.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ नोव्हेंबर
सही: शिंपीणबाई

आमच्या दोघांसमक्ष वाचून सही केली:
१. शेजारचे बुकबाइंडर
२. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई