दीड वाजताचे आकडे

नेरूळ, ११ जुलै १९९७

सौ. सत्यभामाताईस मानसिंगचा नमस्कार.

पत्र आणि लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही, तेल मात्र पिशवीभर. आमच्या वैष्णवीचा पुढचा दात पडलाय, ती आरशासमोरून हलत नाही.

साताऱ्याला परत गेल्यापासून दाजी उंबऱ्याबाहेर येत नाहीत, असं लिहिलंस. आणि विचारलंस, मशीन खरंच ठीक होतं का, एवढंच सांग. दोन आठवडे कागद समोर घेऊन बसतोय. माझ्याइतका भित्रा आपल्या घरात दुसरा नाही.

नीट सांगतो. आमच्या उरणच्या गोदामातल्या सर्व्हरची, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरची, मेमरी संपली की तो डिस्कचा राखून ठेवलेला भाग वापरतो, त्याला स्वॅप म्हणतात. तोही भरला की सगळं ठप्प. दोन्हींचे आकडे रोज एकदा रजिस्टरात लिहायचे, हे माझं काम. मी ते दुपारी दीडला घ्यायचो. तेव्हा सगळे डबा खायला उठलेले, मशीन मोकळं, आकडा झटकन यायचा. गर्दीच्या वेळी पाच-पाच मिनिटं ताटकळायला मला कंटाळा यायचा. म्हणून वर्षभर रजिस्टरात स्वॅप जवळजवळ रिकामं.

त्या दिवशी चारला मशीन अडकलं. दाजी तेव्हा त्यावर कामाला होते. त्यांनी मला शोधलं, मी चहाला गेलो होतो. शेवटी त्यांनी ते बंद करून चालू केलं आणि दिवसभराच्या कंटेनरच्या नोंदी गेल्या.

चौकशीत दाजी म्हणाले, "साहेब, ते रोज चारला असंच रडतंय."

साहेबांनी माझं रजिस्टर उघडून मला विचारलं, "मेमरी पुरेशी होती?"

"रजिस्टरात आहे तसंच," मी म्हणालो. ठीक असलेलं मशीन बंद केलं म्हणून दाजींना काढलं.

नंतर मी चारला आकडे घेतले. स्वॅप तुडुंब. साहेबांना कागद दाखवला. ते म्हणाले, "नवीन मशीन येतंय, फाइल बंद झाली. तुला पण घरी बसायचंय काय?" मी कागद खिशात घातला.

दाजी अजून म्हणतात, मानसिंगचा आकडा चुकणार नाही, माझाच हात चुकला. ताई, तुझ्या पत्रातली ही ओळ माझ्याच्यानं वाचवत नाही. सोयीची वेळ मी निवडली आणि चौकशीत त्या वेळेबद्दल गप्पही मीच बसलो. हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्यांची नोकरी परत मिळणार नाही. मी साहेबांसमोर पुन्हा उभा राहीन, असं खोटंही लिहीत नाही. राहणार नाही.

यंदा राखी पाठवू नकोस.

मानसिंग