मागचा ब्रेक

पप्पा, आज पुन्हा तुमच्यावर जाम भडकलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग काही जात नाही, काय करू?

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाइकचं मागचं चाक खोललं. ब्रेकचे लायनर बदलायचे होते. बदलायचे, ऐकताय ना? तुम्ही कधी बदललेच नाहीत. ब्रेक ढिला लागला की मागचा नट अजून थोडा आवळायचा, चाक हाताने फिरवून बघायचं, झालं काम. बाळकुमला आपल्या चाळीसमोर दर रविवारी तुमचं हेच. "मेकॅनिक लुटतात रे. वागळे इस्टेटला एवढ्या मशिनी रिपेअर करतो मी, ही काय चीज आहे!" आई म्हणायची, "अहो, मागून खरखर येते, एकदा दाखवा ना कोणाला तरी." तुम्ही फडक्याला हात पुसत, तिच्याकडे न बघताच म्हणायचात, "मी केलंय ना? बस मागे." आणि ती बिचारी बसायची.

माजिवड्याला पुढचा टेम्पो थांबला, आपली गाडी नाही थांबली. तुमचं कोपर खरचटलं, आईच्या गुडघ्याचा चुरा झाला. ती हॉस्पिटलमध्ये असताना मी चाक खोललेलं, आठवतंय? लायनर पार घासून गेलेले, नुसतं लोखंड उरलेलं. नट आवळून आवळून पुढे आटेच शिल्लक नव्हते. ते लायनर तुमच्यासमोर धरले, तर म्हणालात, "रस्त्यावर ऑइल सांडलेलं. विषय संपला." कसला संपला? आई अजून कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. एकदा, फक्त एकदा तिला म्हणायचं होतंत, माझं चुकलं. जीभ झडली असती का? गेलात तेही ऑइल ऑइल करतच गेलात.

तर आज नवीन लायनर बसवले, चाक फिरवून कान लावला. ते तुम्हीच शिकवलेलं, दुसरं कुठून येणार मला. चार चकरा मारून ब्रेक दाबून दाबून बघितला. मस्त लागतोय. तेवढ्यात आई खाली आली, तिला गुडघ्याच्या व्यायामाला जायचं होतं. गाडीजवळ थांबली आणि सीटवर हात ठेवला. पप्पा, त्या दिवसानंतर तिने बाइकला हात लावलेला मी पहिल्यांदा बघितला. म्हणाली, "सोडतोस का रे मला? ब्रेक नीट आहे ना पण?"

मी फडक्याला हात पुसत होतो. वर न बघताच म्हणालो, "मी केलंय ना? बस मागे."

तिने हात काढून घेतला. "राहू दे, रिक्षाने जाते," म्हणाली आणि हळूहळू गेटकडे निघाली. जुने लायनर तिथेच पायाशी पडलेले. ये गं, दाखवतो तुला, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही म्हणालो नाही. रिक्षा गेली तरी मी तिथेच उभा राहून तुम्हाला शिव्या घालत होतो.

हे तुम्हाला पोचणार नाही, माहितीये मला. आई केव्हाच परत आलीय, आत भाजी निवडत बसलीय. मी अजून तिला काहीच बोललेलो नाही.