दर्शनी भिंतीवरची इंग्रजी

१ डिसेंबर २०००
एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास आजपासून. नांदेडचे क्लासवाले सर म्हणतात, सीट इंग्रजी शब्दांवरच मिळते. रोज पन्नास शब्द. फेब्रुवारीपर्यंत डिक्शनरी खलास. घरात उजेड कमी, म्हणून कोळशाने दर्शनी भिंतीवर लिहिले. लोक थांबून बघतात. आखाडा बाळापुरात असा अभ्यास आजवर कोणी केला नसेल.

९ डिसेंबर
भिंत भरली. ए संपला नाही. भिंतच लहान. आता रोज दहा, पण पक्के.

२ जानेवारी २००१
बी सुरू करणार होतो. थंडीत पाठांतर होत नाही. आई मजुरीवरून आली, भिंतीपुढे उभी राहिली. तिला अक्षर येत नाही. पदराने जाळं काढलं, शब्दांना धक्का न लावता.

१८ फेब्रुवारी
पेपर झाला. पी, एस, टीचेच शब्द. पेपर काढणाऱ्याला ए-बीचं वावडं दिसतं. तरी सीट पक्की समजायची.

२० मार्च
यादीत नाव नाही. घरी सांगितलं, रिझल्ट लांबला. आई दिवसभर हळद शिजवून थकते, तिला तकलीफ नको. योग्य वेळी सांगीन.

५ एप्रिल
चौदा एप्रिलची जयंती जवळ आली. गल्लीत घरोघर चुना चालू. बाबांनी कुंचा आणला, आईने हिसकावून घेतला. म्हणाली, लेकराची अक्षरं हायेत ती. पास झाला का त्योच चुना लावंल, तवर हात लावू नका. आज सांगणारच होतो. पाहुणे आले.

१३ एप्रिल, सकाळी
सगळी गल्ली पांढरी, आमचंच घर काळं. उद्या दारावरून मिरवणूक जाणार. माझ्यापायी जयंतीला असं नको, म्हणून उठून कुंचा घेतला. आईचं त्या दिवशीचं बोलणं ध्यानातच नव्हतं. निम्मी भिंत झाली आणि ती पाण्याची घागर घेऊन आली. थबकली. माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि रडली. मग साखरेचा डबा घेऊन निघाली.

शेजारच्या मीराबाईच्या दारातून तिचा आवाज आला, माहं लेकरू पास झालं व.

‘नाही’, एवढा एक मराठी शब्द पुरला असता. तो काही निघाला नाही.

उरलेली भिंत पांढरी केली.