पाळी गावच्या मुलीस अर्ज

बाई,

सकाळपासून मला एक अर्ज लिहिता येत नाहीये, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तीन ओळींचा अर्ज. प्रति, विषय आणि खाली कारण. पेडण्याच्या शाळेत आठवीला असताना तुम्ही आमच्याकडून असे किती अर्ज लिहून घेतलेत. ताप आला म्हणून, बहिणीचं लग्न आहे म्हणून, दाखला हवा म्हणून. आता मी तेच शिकवते, आणि दर रविवारी वर्तमानपत्रात अख्ख्या गोव्याची टर उडवायला मला तासभर पुरतो. आज मात्र चार कागद फाडले. मध्ये दोनदा उठून शेगडी पुसली, एकदा लख्ख असलेली समई पुन्हा घासली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी बूड टेकव, मग अक्कल चालव."

डिचोलीत एका दुकानाच्या माडीवर आमचं केंद्र आहे. शाळा सोडलेल्या मुलांना पुन्हा अभ्यासाला लावायचं आणि मुक्त शाळेतून दहावीला बसवायचं, हे तिथलं काम. आठवड्यातून तीन दिवस मी तिथे मराठी शिकवते. सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात. नववीत दोनदा आपटलेली, मागच्या बाकावर बसून बसून एक दिवस घरीच बसलेली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात त्यांना 'प्रवाहाबाहेर गेलेली मुलं' म्हटलं, तेव्हा मये गावच्या एका मुलाने मला हळूच विचारलं, "टीचर, मग आमी बुडलो की काठार लागलो?" तेव्हापासून मी त्या माडीच्या प्रेमात आहे. तिथे घंटा नाही, गणवेश नाही, उशीर झाला तर कुणी कारण विचारत नाही. धड्यांच्या आधी मी त्यांना आयुष्यात लागणारे कागद शिकवते. नळाला पाणी नाही म्हणून पंचायतीला तक्रार, लायसन्स हरवलं म्हणून पोलिसांना अर्ज. राग असला की मुलं बरं लिहितात, हे तुम्हाला माहीत असणारच.

त्यांच्यात पाळी गावची एक मुलगी आहे. तिचे वडील खनिजाच्या ट्रकवर होते. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, आणि त्याच वर्षी हीही शाळा सोडून घरी बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि ऊठही म्हटलं नव्हतं. केंद्रात आली ती पहिला महिनाभर खिडकीला टेकून रस्ता बघत होती. वही उघडायची, पेनाचं टोपण काढायची आणि पुन्हा लावायची. एक दिवस मी सगळ्यांना रजेचा अर्ज लिहायला दिला. तिने लिहिला. "महोदय, मी उद्या येणार नाही, कारण मला यायचं नाही. आपली विद्यार्थिनी." बाई, दोन वर्षांत त्या मुलीने कागदावर लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी फक्त बरोबरची खूण करून वही परत द्यायला हवी होती. मी ते रविवारच्या सदरात छापलं.

नाव दिलं नाही. तेवढी सभ्यता माझ्यात आहे, असं तेव्हा मला वाटलं. 'खाणपट्ट्यातल्या एका ट्रकवाल्याची लेक' एवढंच लिहिलं. आता पाळीसारख्या गावात केंद्रात जाणाऱ्या मुली किती, आणि त्यातल्या ट्रकवाल्याच्या किती, हे शोधायला कुणाला पोलिस लागत नाहीत. मला रविवारी बारा फोन आले, काय मस्त लिहिलंय म्हणून. सोमवारी तिला बस स्टॉपवर विचारलं गेलं, "काय गो, आज येवचा आसा की नाय तुका?" मंगळवारी कंडक्टरने विचारलं. बुधवारपासून ती आली नाही. आज तीन आठवडे झाले. परीक्षेच्या फॉर्मवर तिची सही शनिवारपर्यंत लागते. नाही झाली तर पुढच्या खेपेला बसता येतं, नियम तसा मऊ आहे. पण एक खेप चुकलेलं पोर आमच्या माडीचा जिना पुन्हा चढताना मी अजून पाहिलेलं नाही.

काल मी पाळीला गेले. अंगणात तो ट्रक विटांवर उभा आहे, आणि त्याच्या हौद्यावर दुधीचा वेल चढलाय. माझ्या डोक्यात लगेच वाक्य तयार झालं. ते मी तिथल्या तिथे गिळलं, एवढी सुधारणा नोंदवून ठेवा. तिची आई म्हणाली, "येवा, बसा. दोन ठिकाणांहून लग्नाच्या मागण्या आल्यात तिला. आता पेपरात आली म्हटल्यावर आणखी येतील." हे मला लागावं म्हणून म्हटलं की नाही ते कळलं नाही, पण लागलं. मुलगी दारातच उभी होती, फोन हातात, मान खाली.

मी म्हटलं, "बाय, माझं चुकलं."

ती म्हणाली, "हे पण छापणार?"

"नाही."

"तुम्ही मला विचारलं असतं ना टीचर, तर मीच म्हटलं असतं, छापा. चांगलं होतं ते." आई आत-बाहेर करत होती. शेवटी मुलगी म्हणाली, "मी यावं असं वाटतं ना तुम्हाला? मग अर्ज करा. मला. प्रति, विषय, सगळं घालून. आणि कारण खरं पायजे. माझं होतं तसं."

मी हसले. ती हसली नाही. "फाल्यां चारच्या बसला घेऊन या," म्हणाली आणि आत गेली.

तिचं ते 'फाल्यां', कालचा उद्या, म्हणजे आज. दोन वाजून गेलेत. कारण म्हणून मी काय काय लिहून पाहिलं, सांगते. 'तुझ्या उज्ज्वल भविष्यासाठी', हे उद्घाटनाच्या पाहुण्यांचं. 'तुझ्यात गुण आहेत म्हणून', हे प्रत्येक शिक्षिकेचं, कुठल्याही मुलीला चालणारं. तिसऱ्यात मी माझीच अशी खिल्ली उडवली होती की वाचणाऱ्याने मला माफ करून वर शाबासकी द्यावी. ते सर्वांत लबाड होतं, आणि सर्वांत चांगलं जमलं होतं.

म्हणून तुम्ही आठवलात. माझी ही जीभ आईकडून आलेली नाही, तुमच्याकडून आलेली आहे. 'माझे वडील' या निबंधात मी वडिलांना बोटीचे कप्तान केलं होतं. ते बोटीवर भटारखान्यात कांदे चिरायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही निबंध वर्गात मोठ्याने वाचलात आणि शेवटी म्हणालात, "कप्तानसाहेबांच्या कन्येने आता आपलं जहाज किनाऱ्याला लावावं." वर्ग हसून फुटला. मान्य करते, वाक्य चांगलं होतं. आमच्या गावी, हळर्णला पोचेपर्यंत माझं नाव कप्तान झालं होतं. मी दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेले नाही. गुरं बघते म्हटलं, आईला मदत करते म्हटलं. नऊ दिवस गेले. त्या काळी असं एखादं केंद्र नव्हतं, बाई. शाळा सुटली की सुटली.

रविवारी तुम्ही आलात. बसमधून उतरून, चालत, चपलांवर लाल माती. तुमचा आवाज ऐकून मी, हातात होतं ते तसंच घेऊन, कोठीच्या दाराआड गेले. आई स्वयंपाकघरात ओल्या काजूबिया चिरत होती, संध्याकाळच्या उसळीसाठी. तुम्हाला बघून ती गडबडीने विहिरीवर पाणी आणायला गेली, आणि तुम्ही सरळ तिच्या पाटावर बसून विळी पुढ्यात ओढलीत. मी फटीतून बघते आहे. तुम्ही एक बी चिरता, गर काढता, दुसरी घेता. बियांचा चीक हातांवरून ओघळतोय. आई परत आली तेव्हा टोपात अर्धा शेर गर होता आणि तुमची बोटं काळी पडली होती. ती ओरडलीच, "बाई, राख नाय लावलात?" त्या चिकाने कातडं जळतं, म्हणून आमच्याकडे हाताला राख चोळल्याशिवाय ओल्या बीला कुणी शिवत नाही. तुम्ही वेंगुर्ल्याच्या, काजूच्याच मुलखातल्या. तुम्हाला हे आईइतकंच माहीत असणार.

निबंधाचं नाव तुम्ही काढलं नाहीत. माफीबिफी तर नाहीच. निघताना हात पुढे करून आईला म्हणालात, "आठवडाभर आता खडू धरता यायचा नाही. हिचं अक्षर बरं आहे. उद्यापासून फळ्यावर ही लिहील." सोमवारी मी गेले. तुम्ही खुर्चीवर, बोटांना चिंध्या बांधलेल्या, सांगताय; मी फळ्याशी, लिहिते आहे. कप्तान म्हणायची छाती कुणाची झाली नाही, कारण उत्तरं माझ्या हातात होती.

ही गोष्ट मी आता केंद्रात नव्या शिक्षकांना सांगते. एका मुलीला परत आणायला बाईंनी जाणूनबुजून हात जाळून घेतले, असं सांगते. बायका डोळे पुसतात, चहा येतो. प्रत्येक वेळी सांगून झालं की दिवसभर मला कुठे बसवत नाही.

अर्ज आत्ता झाला. लिहून दाखवते. 'प्रति, पाळीची विद्यार्थिनी. विषय: परत येण्याबाबत. महोदया, तुझं वाक्य मी न विचारता घेतलं, कारण ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. तू ये, कारण तू आली नाहीस तर ते माझ्यामुळे असेल. आपली, मराठीची टीचर.' यात शोभा काही नाही. ती सही करेल की नाही, ठाऊक नाही. बसला अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात तुमचंही संपवते. हा कागद टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहायला धजते आहे.

बाई, पाटावर बसल्यावर तुम्ही पहिल्यांदा हात मागे नेलात, चुलीच्या कडेला, जिथे राखेची करवंटी असते. ती तिथे नव्हती. मग तुम्ही कोठीच्या दाराकडे बघितलंत, बराच वेळ. आणि पहिली बी उचललीत. करवंटी माझ्या मांडीवर होती.