चौतीस नोंदींची गुणगुण

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच आणि वाचून झालं की फोनकडे धावू नकोस. फोनवर मी रडेन. कागदावर रडले तरी निदान वाक्य पुरं होतं.

माझा प्रबंध अडकलाय रे. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे ते कॉलरवाले आठवतात ना, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटण लावणारे? त्यांनी लेखी तक्रार केली आहे. म्हणे, हाताच्या कंपाच्या माझ्या चौतीस नोंदी त्यांच्या आहेत. त्यांनी त्या आधीच्या वर्षी घेतल्या, मी यंत्राचं घड्याळ फिरवून नुसत्या तारखा बदलल्या, आणि तिसरं प्रकरणही त्यांनीच लिहून दिलं! मी ज्या सहा महिन्यांत नोंदी घेतल्या, त्या काळात हे गृहस्थ दुसऱ्या संस्थेत शिकवत होते. म्हणजे सगळं तारखांवर आलं, आणि तारखा तर कुणीही बदलू शकतं.

तिघांची समिती बसली आहे. त्यात एक बाई आहेत, मजकूर कुणी लिहिला हे शोधणं हाच त्यांचा अभ्यास. माणूस ‘पण’, ‘मग’, ‘तर’ असले बारके शब्द किती वेळा वापरतो ते मोजतात. त्यांनी मोजलं आणि सांगितलं की तिसरं प्रकरण बाकीच्या प्रकरणांच्या माणसानं लिहिलेलं वाटत नाही. 

१२ मार्चला निकाल. विरुद्ध गेला तर पदवी गेली आणि कॉलेजातली नोकरीही गेली. बेचाळिसाव्या वर्षी चोर ठरायचं. बाबांचे हात थरथरायचे ते बघत आपण मोठे झालो, थकव्याचा कंप कुठला आणि आजाराचा कुठला हे लवकर कळावं म्हणून मी या कामात पडले, आणि त्याच कामात माझ्यावर हा आळ.

वहिनीला नमस्कार. तू दोन वर्षं पत्रं टाइप करून पाठवतोस, पण या वेळी तुझे ते कोंबडीचे पाय दिसले असते तर बरं वाटलं असतं.

लोभ ठेव, आणि रागावायचं असेल तर लोभातूनच रागाव.
तुझी भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घरात दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही, बरं का. तू मात्र वेळेवर जेवत जा हं. उपाशीपोटी भांडायला गेलं की आधी आपलाच आवाज फुटतो. आणि चोर कसली ठरतेस गं, लहानपणी शेजारच्यांचा पेरू उचललास तर संध्याकाळी जाऊन परत देऊन आलीस ना तू!

आता मुद्दा. गेल्या वर्षी तू कंप टिपणाऱ्या यंत्राची अर्थिंगची तार नळाला बांधली होतीस. प्लंबरने मध्येच तो पाइप काढून प्लास्टिकचा बसवला. तुला आठ महिने पत्ता नाही. सगळ्या नोंदींत विजेची गुणगुण शिरली. मी पोट धरून हसलो होतो. त्या गुणगुणीसकट मूळ नोंदी आहेत का? असतील तर पुसू नकोस. एक अक्षरही बदलू नकोस.

कारण असं. वीज सगळीकडे एकाच ठेक्यात धावते. सेकंदाला पन्नास. पण बरोबर पन्नास कधीच नाही. मोठी यंत्रं सुरू झाली की ठेका जरा मंदावतो, बंद झाली की वाढतो. आमच्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात हा चढउतार दर सेकंदाला टिपला जातो. चाळीस मिनिटांचा चढउतार पुन्हा हुबेहूब तसा कधी येत नाही. तुझी एकेक नोंद चाळीस मिनिटांची. यंत्राचं घड्याळ फिरवता येतं. ती गुणगुण फिरवता येत नाही. समितीला जुळवून बघू दे, तारीख आणि वेळ दोन्ही निघतील.

रडू आलं तर खुशाल रड हं, पण उशी कोरडी करून झोप.

लोभ आहे तो तुझ्या मूर्खपणासकट आहे.
तुझा दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे दादा, तुझ्या तोंडात साखर! मूळ नोंदी आहेत, सगळ्याच्या सगळ्या. लाजेकाजेस्तव मी त्या वेगळ्या फोल्डरमध्ये दडवल्या होत्या. समितीपुढे मला प्लास्टिकच्या पाइपची कथा सांगावी लागली. तिघेही गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते, मला वाटलं जमिनीत शिरावं. पण समितीतल्या विजेच्या प्राध्यापकांनी मान डोलावली आणि म्हणाले की असं होऊ शकतं. फक्त तू माझा भाऊ, म्हणून तुझ्या हातून काही नको. ते तुमच्या कार्यालयाकडून परस्पर मागवणार आणि स्वतः जुळवणार. तू कक्षातल्या नोंदींच्या कपाटापासून चार हात लांब राहा.

राहिलं तिसरं प्रकरण. खरं सांगू? ते मी प्रबंध म्हणून लिहिलंच नव्हतं. पद्धत समजावताना माझी भाषा इतकी जड व्हायची की मलाच अर्थ लागेना. मग तुला पत्रांतून जे समजावलं होतं तेच समोर ठेवून लिहिलं. नोंदीसाठी येणारा घड्याळजी मनगट कसं टेकवतो, त्याच्या बोटावर कंप टिपणाऱ्या चकत्या कुठे चिकटवायच्या, सगळं तुला सांगितल्यासारखं. म्हणून ते प्रकरण निराळं वाटतं. मी हे सांगितलं तेव्हा शब्द मोजणाऱ्या बाई म्हणाल्या की मग पत्रंच दाखवा. माझी तुला आलेली आणि तुझी मला आलेली, दोन्हीकडची. समोरचा माणूस कसा लिहितो हे माहीत असलं की उत्तराचा सूरही कळतो म्हणे.

तुझी पत्रं माझ्याकडे आहेत. माझी तुझ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत ना? डबाच पाठव.

काळजीत असूनही तुझ्याच लोभावर निर्धास्त,
भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डबा पाठवला. झाकण घट्ट बसत नाही, दोरी बांधली आहे. एकशे बारा पत्रं. तारखेनं लावलेली. मी कपाटाकडे फिरकलो नाही. साहेबांनी नोंदी स्वतः मोहोरबंद केल्या.

माझी पत्रं मात्र कशाला देतेस? टाइप केलेल्या कागदांत बघण्यासारखं काय आहे? शक्य असेल तर गेल्या दोन वर्षांची वगळ.

आणि हे बघ, निकालाच्या दिवशी ती निळी साडी नेस बरं का, तुला शोभते. कॉलरवाल्यांकडे बघूच नकोस. त्यांचंही काहीतरी दुखत असेल, नाहीतर माणूस असं का वागेल? पण आपण कशाला आपला जीव जाळायचा, हो ना? निकाल लागला की आधी कळव हं, इथे सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून, लोभात,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुटले!! दादा, सुटले! चौतीसपैकी एकतीस नोंदी तुमच्या कक्षाच्या नोंदींशी सेकंदाला सेकंद जुळल्या. उरलेल्या तीन नोंदींच्या दिवशी तुमचंच यंत्र दुरुस्तीला होतं. सगळ्या तारखा माझ्या. कॉलरवाले खाली बघून म्हणाले की त्यांचा गैरसमज झाला असावा. मला वाटलं होतं त्यांना चार शब्द सुनवीन, पण त्यांनी पहिल्यांदाच गळ्याचं बटण सोडलं. मी नुसती उठून खिडकी उघडली.

तिसरं प्रकरणही पार पडलं. बाईंनी सांगितलं की पत्रांतली भिंगरी आणि तिसऱ्या प्रकरणातली भिंगरी एकच, बारक्या शब्दांपासून सगळं जमतं. तुझ्या घोरण्याचं वर्णन वाचून विजेचे प्राध्यापक हसले, ते माफ कर.

आता माझं ऐक. जिना उतरताना बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, कुणी विचारलेलं नाही, पण सांगावंसं वाटतं. तुमच्या भावाची गेल्या दोन वर्षांची पत्रं एका माणसाची नाहीत. विजेबद्दल असतं तिथे भाऊ बोलतो, तुटक, मुद्द्याचं. माया येते तिथे लिहिणारं माणूस दुसरंच आहे.

मी तिथेच पायरीवर बसले. दादा, तू सांगतोस आणि वहिनी टाइप करते, आणि तू दमलास की पुढचं तीच लिहिते. होय ना? तुझं अक्षर मला दिसू नये म्हणून. माझ्यापासून! जी बाई दिवसभर दुसऱ्यांचे हात मोजते तिच्यापासून तू स्वतःचा हात लपवलास! रागानं आणि भीतीनं माझं डोकं सुन्न झालंय.

एकच सांग. बाबांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरायचा, पेला उचलला की शांत व्हायचा. तुझा केव्हा थरथरतो? उत्तर स्वतःच्या हातानं लिही. कसंही दिसू दे.

लोभ कमी झालेला नाही, पण आज तो कान पिळायला उठलाय.
भिंगरी

१८ मार्च

भिंगरे,

हे मी लिहितोय. सकाळपासून तिसरा कागद.

तुझा निकाल वाचला आणि खुर्चीतून उठून घरभर फिरलो. फार बरं वाटलं गं.

होय, लपवलं. दोन वर्षं. तुला दाखवलं असतं तर तू सांगितलं असतंस. तेच ऐकायची छाती नव्हती. मला वाटलं, बाबांचं ते माझ्याकडे आलं. कपाळावर लिहिलेलं वाचून तरी काय करायचं?

तुझा प्रश्न. मांडीवर ठेवला की हात गप्प असतो. पेन धरलं, कप धरला, की नाचतो. तुझं वाक्य चार वेळा वाचलं. बाबांच्या उलट आहे. इतकं सोपं होतं?

रविवारी येतो. वहिनीही येते. तार नळाला बांधलेली असेल तर मी हात देणार नाही.

दादा

६ एप्रिल

प्रिय वन्संना,
मोठी म्हणून आशीर्वाद, आणि मैत्रीण म्हणून नमस्कार.

दोन वर्षं तुम्हाला लिहितेय, पण माझ्या नावानं हे पहिलंच हं. ‘बरं का’ इतक्या वेळा लिहिते हे मला त्या बाईंमुळे कळलं. आता जपून लिहावं म्हटलं तर हात चालेना, मग सोडून दिलं.

तुम्ही पाठवलेल्या डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासलं. तुमचं म्हणणं खरं निघालं. बाबांचा आजार नाही. हा नुसता धरल्यावर थरथरणारा हात, त्रास देईल पण दगा देणार नाही, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर हे बाकावर बसले. मग म्हणाले, चहा घेऊ या. अर्धा चहा बशीत सांडला, बरं का, पण दोन वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी लोकांत कप उचलला. मी मात्र तिथेच रडले.

त्या रविवारची गंमत हे अजून सांगतात. हात तपासून घ्यायला आलेला माणूस आधी तुमच्या टेबलाखाली शिरला आणि अर्ध्या तासानं तार नीट बांधून कपड्यांची धूळ झटकत बाहेर आला. तुम्ही नोंद घेतलीत, ती इतकी स्वच्छ की गुणगुणीचा मागमूस नाही. तर ह्यांचं तोंड उतरलं. म्हणे, गुणगुणच नाही, मग उद्या ही नोंद आजची आहे हे सिद्ध कसं करणार?

म्हणून त्यांनी तुमचं पेन ओढून नोंदीच्या कागदावर स्वतः तारीख घातली ना. तुम्ही पाठवलेली प्रत आम्ही भिंतीवर लावली आहे. तारीख अजून कुणाला वाचता आलेली नाही. पण अक्षर कुणाचं, हे ठरवायला कुठलीही समिती लागणार नाही.

लोभ आता दोघांकडून वेगवेगळा येईल, सांभाळून घ्या.
तुमची, या वेळी खरोखर,
वहिनी